अंथरुणाचे ओझे

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण काटकसरीच्या उपदेशासाठी आपल्या घरोघर वापरली जाते. तिचा अर्थ निर्विवाद आहे. परंतु तिच्या पोटी एक गृहीत गोष्ट दडलेली आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अंथरूण जसे आहे तसेच राहणार, आणि जुळवून घ्यावयाचे ते पायांनी, असे ही म्हण धरून चालते. धडधाकट माणसाच्या बाबतीत हे ठीकच आहे. परंतु ज्याच्या गुडघ्यांत, मनगटांत आणि बोटांच्या पेऱ्यांत संधिवाताने ठाण मांडले आहे, त्याने काय करावे? त्याचे पाय त्याच्या इच्छेने पसरत नाहीत आणि आखडल्यावर त्याच्या इच्छेने सुटतही नाहीत. अंथरूण घालणे, झटकणे, गुंडाळणे आणि उचलून ठेवणे ही कामे, जी इतरांच्या दिनक्रमात कामे म्हणून गणलीही जात नाहीत, ती त्याला डोंगराएवढी होतात.

इतिहासाच्या ग्रंथांतून सिंहासनाला जेवढी जागा मिळते तिचा शतांशही शय्येच्या वाट्यास येत नाही. वस्तुतः सिंहासनावर बसणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि शय्येवर तर प्रत्येकाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. शय्येचा जो थोडाफार इतिहास लिहिला गेला आहे तो बहुधा कोरीव पलंगांचा आणि रेशमी पडद्यांचा, म्हणजे निजणाऱ्याच्या वैभवाचा आहे. ते अंथरूण रोज सकाळी कोणी आवरले, ते किती जड होते, आणि आवरणाऱ्याच्या सांध्यांची काय गत होती, हा प्रश्न त्यात उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे. संधिवाताने गांजलेल्या माणसाच्या बाजूने शय्येचा इतिहास पाहू गेल्यास तीन गोष्टी सतत पुढे येतात: अंथरुणाची उंची, पांघरुणाचे वजन, आणि ते घालणारे हात. पहिल्या दोन गोष्टींचे मर्म माणसाला पुष्कळ पूर्वी उमगले होते. तिसरीचा विचार मात्र अगदी अलीकडे सुरू झाला, आणि तो होत नव्हता म्हणूनच पहिल्या दोहोंचे ज्ञानही दीर्घकाळ बहुतेकांच्या उपयोगी पडले नाही, असे मला वाटते.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपण ज्याला सरसकट संधिवात म्हणतो त्यात निरनिराळे विकार येतात. सांध्यांतील कूर्चा झिजल्यामुळे होणारा एक. शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होणारा दुसरा, ज्याला सामान्यतः आमवात म्हणतात. आणि युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून होणारा तिसरा, ज्याला इंग्रजीत गाउट हे नाव असून आपल्याकडे बहुधा वातरक्त म्हटले जाते. ह्यांपैकी पहिल्या दोहोंत सकाळची वेळ विशेष वाईट. झिजेच्या विकारात रात्रभर आखडलेले सांधे बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. आमवातात तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. १९८७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी आमवात ओळखण्याच्या ज्या कसोट्या ठरविल्या, त्यांत सकाळी किमान एक तास टिकणारा ताठरपणा ही एक होती. आता आपल्या घरांचा शिरस्ता पाहावा. पहाटे उठावे आणि उठल्याबरोबर अंथरूण आवरावे. उन्हे वर आल्यावरही ते पसरलेले दिसणे हे आळसाचे, किंबहुना अवदसेचे लक्षण. म्हणजे ज्या घटकेस बोटे मिटत नाहीत, नेमक्या त्याच घटकेस त्यांनी चादरीची टोके चिमटीत धरून ताणावीत आणि गादीची गुंडाळी करावी, अशी अपेक्षा! हा शिरस्ता घालून देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुखऱ्या हातांचा माणूस कधी नव्हता, हे उघड आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना रोग्याच्या शय्येचे महत्त्व उत्तम प्रकारे ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनादी उपचारांपूर्वी कोणती सिद्धता करावी ह्याची लांबलचक यादी आहे. घर मजबूत असावे, वाऱ्याच्या माऱ्यापासून सुरक्षित पण एका बाजूने हवा खेळती असलेले असावे, आत सुखाने वावरता यावे, येथून आरंभ करून चरक शय्येकडे येतो. तीवर अंथरावयाची वस्त्रे, वर घालावयाची चादर आणि उशा नीट मांडलेल्या असाव्यात. इतकेच नव्हे, तर शय्येला व आसनाला पाठ टेकावयास आधार असावा, हेही तो विसरत नाही. सेवकांच्या यादीत तर अंग चेपणाऱ्या संवाहकाबरोबरच ‘उत्थापक’ आणि ‘संवेशक’ असे दोन सेवक आहेत. एकाचे काम रोग्याला उठविण्याचे, दुसऱ्याचे निजविण्याचे. ज्याने कधी संधिवाताच्या रोग्याला पहाटे बिछान्यातून उठविले असेल, त्याला ह्या दोन शब्दांची योग्यता वेगळी सांगावयास नको.

परंतु ही सारी सिद्धता कोणासाठी? राजासाठी, राजतुल्य पुरुषासाठी किंवा विपुल द्रव्य असलेल्या गृहस्थासाठी, असे चरकानेच आरंभी सांगून टाकले आहे. दरिद्री मनुष्याने प्रसंग पडल्यास ही दुर्लभ सामग्री न जमविताच औषध घ्यावे, असेही अध्यायाच्या अखेरीस तो प्रांजळपणे नमूद करतो. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. हात, पाय, घोटे, गुडघे सुजतात, विंचवांनी नांग्या माराव्या तशी पीडा होते, आणि झोपेचा क्रम उलटापालटा होतो, हे त्याचे वर्णन आजच्या रोग्यालाही आपलेच वाटेल. रोग ओळखला गेला, शय्येचे विधान झाले. परंतु ती शय्या घालणारा हात हा नेहमी दुसऱ्याचा, पैसे देऊन ठेवलेला, असे गृहीतच राहिले.

ह्याला एक लक्षणीय अपवाद बौद्ध विनयात सापडतो. भिक्षूच्या मंचकाचे पाय आठ अंगुळांहून उंच नसावेत, मंचकात कापूस भरू नये, संघाचा मंचक वा गादी उघड्यावर मांडून ती तशीच टाकून जाऊ नये, असे नियम तेथे आहेत. चुल्लवग्गात तर निवासस्थान कसे झाडावे ह्याचे तपशीलवार विधान आहे. मंचक बाहेर काढावयाचा तो खाली वाकवून, दाराला व चौकटीला न घासता, न आपटता काढावा. गाद्या-उशा बाहेर नेऊन उन्हात घालाव्यात, झटकून स्वच्छ कराव्यात, आणि पूर्वी जेथे जशा होत्या तेथे तशाच परत मांडाव्यात. अंथरूण आवरण्यासारख्या कामाला धर्मनियमांत इतकी जागा मिळालेली क्वचितच आढळेल. हे काम शिष्याने आचार्यासाठी करावयाचे. पण आचार्यानेही आजारी शिष्याची सेवा करावयाची. अतिसाराने लोळागोळा होऊन पडलेल्या एका भिक्षूला प्रत्यक्ष बुद्धाने डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून मंचकावर निजविल्याची कथा विनयातच आहे. अंथरुणाचे काम हलके नाही, आणि ते ज्याच्याकडून होत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने केले पाहिजे, हे तत्त्व तेथे स्पष्टपणे मान्य झालेले दिसते.

तथापि ह्याच परंपरेतून, आणि तिच्या जोडीने आपल्या व्रतवैकल्यांतून, एक दुसरी समजूतही रुजली. खालची शय्या ती सात्त्विक आणि उंच शय्या ती विलासाची, अशी ती समजूत होय. ब्रह्मचाऱ्याने जमिनीवर निजावे, व्रतस्थाने जमिनीवर निजावे, सुतकात जमिनीवर निजावे. वैराग्याला हे शोभते. पण गुडघे गेलेल्या माणसाला जमिनीवरून उठणे ही दररोजची परीक्षा असते. उंचीला असे नैतिक मोल चिकटल्यामुळे घरातील म्हाताऱ्या माणसाने खाट मागणे म्हणजे चैन मागणे, असा विलक्षण अर्थ होऊ लागला.

युरोपात गोष्ट उलट घडली. तेथे थंडीमुळे म्हणा वा प्रतिष्ठेमुळे म्हणा, शय्या उत्तरोत्तर उंच आणि जड होत गेली. पिसांच्या गाद्यांवर गाद्या रचाव्यात, चौफेर जाड पडदे सोडावेत, आणि वर चढावयास कधी पायऱ्यांची चौकी लागावी. पलंग ही घरातील सर्वांत किमती वस्तूंपैकी एक असे, आणि मृत्युपत्रातून त्याची वाटणी होई. शेक्सपिअरने १६१६ साली आपल्या मृत्युपत्रात पत्नीला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग ठेवला, ह्यावर पंडितांनी जेवढी शाई खर्च केली आहे तेवढी तो पलंग रोज कोण आवरीत असे ह्यावर कोणी केलेली नाही.

पांघरुणाच्या वजनाविषयी वैद्यकवाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध साक्ष ह्याच उंच शय्यांच्या देशातून आली. लंडनचा विख्यात वैद्य टॉमस सिडनहॅम हा स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ गाउटने पीडलेला होता, आणि १६८३ साली त्याने ह्या रोगावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. रोगी रात्री चांगला निजतो. पहाटे दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यात कळ येऊन जागा होतो. वेदना वाढत वाढत इतकी तीव्र होते की अंगावरील पांघरुणाचा भार त्याला सहन होत नाही, आणि खोलीतून कोणी चालले तर त्या हादऱ्यानेही जीव कासावीस होतो. असे वर्णन अनुभवाविना लिहिता येत नाही. ज्या चादरीला आपण वजन आहे असे मानीतच नाही ती एका अंगठ्याला पर्वताएवढी वाटू शकते, हे सिडनहॅमने वैद्यकाच्या पानावर आणून ठेवले. पुढे रुग्णालयांतून दुखऱ्या अवयवावर कमानीसारखा सांगाडा ठेवून त्यावर पांघरूण टाकण्याची युक्ती रूढ झाली, तिचे मर्म हेच.

परंतु गाउट हा खात्यापित्या लोकांचा रोग समजला जात असे, आणि अशा लोकांच्या घरी नोकरांची वाण नसे. गरिबाच्या संधिवाताकडे वैद्यांचे लक्ष जावयास आणखी शंभरावर वर्षे लागली. पॅरिसमधील सालपेत्रिएर हे निराधार स्त्रियांचे विस्तीर्ण आश्रयस्थान होते. तेथे काम करणाऱ्या लांद्रे-बोव्हे ह्या तरुण डॉक्टराने १८०० साली आपल्या प्रबंधात असे दाखवून दिले की, गाउटसारखा दिसणारा पण त्याहून वेगळा असा एक सांध्यांचा रोग आहे, आणि तो मुख्यत्वे गरीब स्त्रियांत आढळतो. त्या रोगाला त्याचे आजचे इंग्रजी नाव ‘ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस’ हे आल्फ्रेड गॅरड ह्या इंग्रज वैद्याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात दिले. ज्यांच्या हातांना हा रोग होत होता तेच हात घरोघरी अंथरुणे घालीत होते; परंतु ह्या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहिल्याचे त्या वैद्यकग्रंथांत दिसत नाही.

त्याच १८५९ सालाच्या अखेरीस फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे शुश्रूषेवरील छोटेसे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते परिचारिकांचे पाठ्यपुस्तक म्हणून नव्हे, तर घरी आजाऱ्याची जबाबदारी अंगावर पडणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी लिहिलेले होते. आणि त्यात शय्या व बिछाना ह्यांवर एक संपूर्ण प्रकरण होते. लोखंडी, स्प्रिंगांची खाट असावी. तीवर एकच पातळ गादी असावी. सोडलेल्या झालरी मुळीच नसाव्यात. पांघरूण हलक्या लोकरीचे असावे. हवा न जाऊ देणारी जड सुती पलंगपोसे आजाऱ्याच्या अंगावर घालू नयेत. खाट बैठकीच्या कोचाहून उंच नसावी, कारण चढण्या-उतरण्याच्या त्या थोड्या श्रमांवरच कित्येकदा रोगी दिवसाकाठी उठणार की नाही हे अवलंबून असते. रुंदी साडेतीन फुटांहून अधिक नसावी, आणि खाट भिंतीला चिकटवू नये. का? तर शुश्रूषा करणारीला दोन्ही बाजूंनी सहज जाता यावे, आणि अंग न ताणता रोग्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून.

हे शेवटचे कारण मला फार मोलाचे वाटते. चरकापासून सिडनहॅमपर्यंत सर्वांनी निजणाऱ्याच्या देहाचा विचार केला. अंथरूण घालणारीलाही पाठ आहे, खांदे आहेत आणि ते ताणले जातात, ही गोष्ट येथे प्रथमच एवढ्या ठळकपणे शय्येच्या मापांत शिरली. ह्याला नाइटिंगेलचा स्वतःचा अनुभवही कारण असावा. क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ साली ती परतली, आणि पुढल्याच वर्षी तिला अंथरूण धरावे लागले. त्यानंतर कित्येक वर्षे तिचा पुष्कळसा काळ खोलीत आणि शय्येवरच गेला. पाठीच्या कण्याच्या असह्य वेदनांनी ती गांजलेली असे. हा क्रिमियात जडलेल्या जुनाट ब्रूसेला-ज्वराचा परिणाम असावा, असा तर्क १९९५ साली एका इंग्रज संशोधकाने मांडला आहे. शय्येवरील तिचे प्रकरण हे परिचारिकेचे जितके आहे तितकेच रोगिणीचेही आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. महाराष्ट्रातील जुन्या मध्यमवर्गीय घरात निजण्याची खोली अशी वेगळी नसे. माजघरात दिवसा पाने मांडली जात, तेथेच रात्री अंथरुणे पडत. सकाळी त्यांच्या गुंडाळ्या करून कोपऱ्यात चवड रचली जाई, आणि जागा पुन्हा मोकळी होई. जागेच्या काटकसरीचा असा सुंदर नमुना दुसरा नाही. परंतु त्याची किंमत कोणाच्या तरी कमरेने आणि मनगटांनी भरली. एका माणसाची कापसाची गादी दहाबारा किलो सहज भरते. पाचसात माणसांच्या घरात ही चवड रोज दोनदा हलवावयाची. वर्षा-दोन वर्षांनी कापसाचे गोळे झाले की गादी अधिकच दगडासारखी होई. मग पिंजाऱ्याला बोलावणे जाई. अंगणात त्याच्या धनुष्याच्या तातीचा घुमारा उठे, आणि उसवलेल्या खोळीत हलका झालेला कापूस पुन्हा भरला जाई. बाजेची गोष्ट तीच. सुंभ सैल पडले की झोळी होई, आणि झोळीत रुतलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठविण्यास दोघे लागत.

आमच्या घरी आजोबांच्या थोरल्या भगिनी असत. त्यांना सारे अक्का म्हणत. त्यांच्या हातांची बोटे वाकडी झालेली होती. रात्री सर्वांच्या गाद्या पडल्या की अक्का जुन्या लुगड्यांची एक चौघडी खाली घालीत, दुसरी पांघरीत, आणि ‘मला बाई गादी सोसत नाही, ऊब होते’ असे म्हणत. आम्ही मुले ते खरे मानीत असू. ऊब होण्याचा प्रश्न नव्हता. गादी त्यांना उचलवत नव्हती, आणि आपले अंथरूण सुनांनी उचलावे हे त्यांना रुचत नव्हते. जे आपल्याला आवरता येत नाही ते अंगाखालीच घ्यावयाचे नाही, असा त्यांचा मुकाट्याने घेतलेला निर्णय होता. अशा अक्का पुष्कळ घरांत असतील. सुखापेक्षा स्वाधीनता त्यांना मोलाची वाटली, आणि घराने दोहोंची सोय एकत्र कधी केली नाही.

ह्याच महाराष्ट्रात देवाच्या अंथरुणाची काळजी मात्र किती नाजूकपणे घेतली जाते! पंढरपुरास आषाढी-कार्तिकीच्या यात्रेपूर्वी विठोबाचा पलंग शेजघरातून बाहेर काढतात, कारण भक्तांसाठी देव अहोरात्र उभा राहणार. मग उभ्या देवाला शीण होऊ नये म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड आणि रखुमाईच्या पाठीशी तक्क्या ठेवतात. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते, आणि शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवितात. तुळजापुरास भवानी वर्षातून तीनदा सिंहासनावरून पलंगावर जाते. दसऱ्यानंतरच्या निद्रेला तर ‘श्रमनिद्रा’ असेच नाव आहे. युद्ध करून थकलेल्या देवीला विश्रांती हवी, हे ज्या समाजाला उमजते त्याला घरातील थकलेल्या हातांची भाषा कळू नये, असे नाही. देवाच्या पाठीला लोड देणारा पुजारी जे करतो तेच चरकाने सांगितले होते, एवढेच.

हे हात बहुतांशी बायकांचे आहेत. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीतिपटीने आढळतो. हाताच्या बोटांच्या झिजेचा विकारही पन्नाशीनंतर स्त्रियांतच अधिक. हा दूरदेशीचा प्रश्न आहे असेही नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली भिगवण ह्या गावी घरोघर जाऊन पाहणी केली. तेव्हा प्रौढ ग्रामस्थांपैकी शेकडा सुमारे १८ जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. आणि दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात होता. म्हणजे एखाद्या मोठ्या आळीत एखाददुसरे घर असे निघणारच की जेथे सकाळी उठणे हीच लढाई आहे.

विसाव्या शतकात ह्या इतिहासाला दोन कलाटण्या मिळाल्या. पहिली वैद्यकाची. शतकाच्या मध्यापर्यंत आमवाताच्या रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवणे हाच उपचार समजला जाई. १९४७ साली रिचर्ड ॲशर ह्या लंडनच्या डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलात एक लेख लिहून, अंथरुणावर पडून राहण्यानेच सांधे कसे आखडतात, स्नायू कसे झडतात आणि रक्ताच्या गुठळ्या कशा होतात, हे आपल्या खोचक शैलीत मांडले. पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९४८ रोजी, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची पहिली सुई टोचली. दोन दिवसांनी सकाळी ती बिछान्यात सहज कूस बदलू शकली, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच हिंडूफिरू लागली. हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाचे दुष्परिणाम लवकरच ध्यानात आले हे खरे. पुढे मेथोट्रेक्सेट आणि त्यानंतरची औषधे आली व रोग पुष्कळ आटोक्यात येऊ लागला. परंतु रोग्याने अंथरुणावरून उठले पाहिजे, हा विचार कायमचा रुजला. आणि जो उठला त्याच्यापुढे साहजिकच प्रश्न आला, की आता मागे राहिलेले अंथरूण आवरावयाचे कसे?

दुसरी कलाटणी ह्या प्रश्नातूनच आली. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत, रोग्यांना रोजच्या कामांचे शिक्षण देणाऱ्या चिकित्सकांनी ‘सांध्यांचे रक्षण’ हा विषय पद्धतशीरपणे मांडावयास आरंभ केला. जे काम मोठ्या सांध्याने होते ते लहानाकडून करवू नये, चिमटीऐवजी तळवा, तळव्याऐवजी कोपरापर्यंतचा हात वापरावा, उचलण्याऐवजी सरकवावे, आणि श्रम व विसावा आलटून पालटून घ्यावेत. म्हणण्यासारखी गोष्ट साधी. पण घरकामाकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याचा हा मार्ग नवा होता.

योगायोगाने बिछान्याचे कपडेही त्याच काळात बदलले. १९६४ साली लंडनमध्ये आपले दुकान उघडणाऱ्या टेरेन्स कॉन्रन ह्यांनी स्वीडनच्या धर्तीवरील खोळीची हलकी दुलई इंग्रजांपुढे ठेवली, आणि एवढ्याने दहा सेकंदांत अंथरूण होते असा तिचा लौकिक झाला. तोपर्यंत चादरीवर ब्लँकेट, त्यावर दुसरे, त्यावर पलंगपोस, आणि साऱ्यांचे काठ गादीखाली घट्ट खोचलेले, असा इंग्रजी बिछान्याचा थाट होता. ती खोचाखोच एकदम संपली. अमेरिकेत १९५९ साली बर्था बर्मन ह्यांना कोपरे शिवलेल्या चादरीचे पेटंट मिळाले. अशी चादर रोज ताणावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिचा चौथा कोपरा बसविताना एका हाताने गादी उचलावयाची आणि दुसऱ्याच्या चिमटीने इलॅस्टिक ओढावयाचे, हे आमवाताच्या अंगठ्याला सर्वांत कठीण काम. म्हणजे एका हाताचे सुख दुसऱ्या हाताला भोवते. नवी वस्तू आली म्हणजे अडचण गेली असे नव्हे. ती वस्तू कोणाच्या हातांसाठी बेतली आहे हे पुन्हा विचारावेच लागते.

ह्या साऱ्या इतिहासातून आजच्या घराला घेण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यास खर्चही फारसा नाही. खाटेच्या कडेवर बसले असता पाऊल जमिनीवर सपाट टेकावे आणि गुडघा कमरेच्या वर जाऊ नये, इतकी तिची उंची असावी. ठेंगणी असेल तर पायांखाली खोबणीचे, न सरकणारे लाकडी ठोकळे बसवावेत. खाट भिंतीपासून सुटी असावी. तीन जड पांघरुणांऐवजी एक हलके व उबदार घ्यावे, आणि पायथ्याशी ते खोचू नये. चादरीच्या कोपऱ्यांना रुंद नाडीचे फास शिवून घेतले तर चिमटीची गरज उरत नाही. मनगट आत घालून ओढता येते. चादर बदलावयाची तर उभ्याने वाकून नव्हे, स्टुलावर बसून, एक बाजू पुरी करून मग दुसरी. कापसाची गादी एकट्याने उलटण्याचा हट्ट धरू नये. गुडघ्याखाली रात्रभर उशी ठेवण्याने बरे वाटते, परंतु गुडघा तसाच वाकलेला राहण्याची सवय लावून घेतो, म्हणून डॉक्टर तिला नको म्हणतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहाटेचा तो शिरस्ता सोडून द्यावा. पांघरूण नुसते मागे सारून ठेवावे. ऊन पाण्याने आंघोळ झाली, हात मोकळे झाले, म्हणजे दहाअकराच्या सुमारास सावकाश आवरावे. तोवर बिछान्याला हवा लागते, हा लाभ वेगळाच.

जुन्या घरातील चौघडीचाही येथे पुनर्विचार करण्याजोगा आहे. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सुती लुगडे, चार पदरी, काखेत मावणारे आणि एका हाताने झटकता येणारे, हे दुखऱ्या हातांच्या माणसाने स्वतःसाठी शोधून काढलेले पांघरूण होते. परदेशी दुकानांत हलकेपणाचे कौतुक होण्याच्या कितीतरी आधी आमच्या अक्कांसारख्या बायकांनी तो शोध लावलेला होता. मात्र तो त्यांनी नाइलाजाने लावला, आणि गादीचे सुख सोडून लावला. ती सोडावी न लागता हलके अंथरूण मिळणे, हे आज अशक्य नाही.

कोणी म्हणेल, घरात मुले आहेत, सुना आहेत, कामाला बाई आहे. मग रोग्याने स्वतः अंथरूण घालण्याचा आग्रह का धरावा? मदत घेऊ नये असे कोणीच म्हणत नाही. गादी उलटावयास दुसरा हात हवाच, आणि तो आनंदाने मिळावा. परंतु उत्थापक आणि संवेशक दोघेही दाराशी उभे असताना त्यांना हाक मारणे निराळे, आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून पडून राहणे निराळे. ज्याचे बाकीचे दहा व्यवहार हळूहळू इतरांच्या हातात गेलेले असतात, त्याला आपली निजण्याची हातदोनहात जागा तरी आपल्या हातांनी नीट करता यावी असे वाटते. आणि ती त्याने नीट केली, तर पुढला दिवस थोडा त्याच्या मनासारखा सुरू होतो. दुखऱ्या हातांना पेलेल एवढेच अंथरूण जड असावे आणि दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल एवढेच ते उंच असावे, हे कळावयास माणसाला दोन हजार वर्षे लागली असली तरी, घराघरांतून ते अमलात आणावयास एखादा रविवार पुरेसा आहे.